तीन कण कमी

क्लूथा नदीकाठच्या कॅडीज फ्लॅट गावाला पाहुणे येतात ते परातीत नदीची वाळू धुवून सोन्याचा एखादा कण मिळतो का ते बघायला. सोन्यामागे माणसं वेडी झाली त्याला दीडशे वर्षं उलटली. आता त्या वेडाच्या गोष्टींवर गावाचं पोट चालतं. एकाहत्तर वर्षांची नोएलीन किटो पाहुण्यांना परात धरायला शिकवते. तिचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "आधी साबणानं हात धुवा. हात तेलकट असला की बारीक सोनं तरंगतं आणि पाण्याबरोबर निघून जातं." पाहुण्यांना वाटतं, बाई तापट आहे. आहेच ती.

सहा वर्षांपूर्वी तिचा नवरा मर्व्ह गावच्या स्पर्धेत उतरला होता. स्पर्धेत प्रत्येकाच्या वाळूत सारखेच कण टाकतात आणि किती टाकले ते फक्त पंचाला माहीत असतं. हात धुवायचे, शेजारच्या स्पर्धकाशी हात मिळवायचा आणि शिट्टी झाली की परात बुडवायची, ही जुनी रीत. त्या वर्षी मर्व्हच्या परातीत तीन कण कमी भरले. शेजारी उभा असलेला मेंढपाळ ॲल्विन स्ट्राकन सगळ्यांदेखत म्हणाला, "नखांत बघा त्याच्या."

नखांत काही नव्हतं, पण चोर हा शब्द चिकटला तो चिकटलाच. सभागृहातल्या विजेत्यांच्या फलकावरून मर्व्हचं आधीच्या वर्षांचं नाव खरवडून काढलं. त्यानं परातीला पुन्हा हात लावला नाही आणि दोन वर्षांत गेला. जाण्याआधी एवढंच म्हणाला, "त्या दिवशी माझ्या हाताला मेंढीचा वास येत होता." नोएलीननं हे गावभर सांगितलं. बिचारी नवऱ्याची बाजू घेतेय, म्हणून लोकांनी सोडून दिलं. तिनं मात्र डूख धरला.

या मार्चमध्ये तिनं स्पर्धेत नाव दिलं आणि जागा मागून घेतली ती ॲल्विनच्या शेजारची. हात धुतले, खिशातल्या रुमालाला पुसले. रुमालात लोकरीची चरबी चोपडलेली होती.

"काय गं, या वयात?" ॲल्विन हसत म्हणाला.

"हात मिळव," ती म्हणाली, आणि चांगला घट्ट दाबला.

शिट्टी झाली. दोघांनी वाळू धुतली. पंच थेल्मानं कण मोजले आणि कपाळाला आठ्या घातल्या. "ॲल्विन, तुझे तीन कमी आहेत. नोएलीनचे चार."

"माझं राहू दे," नोएलीन म्हणाली. "त्याची नखं बघा."

ॲल्विनचा चेहरा लालबुंद. त्यानं बोटं नाकाशी नेली, आणि मग त्याचा तोल सुटला. "हिनं चरबी लावलीय! माझे कण वाहून गेले, मी काय चोर आहे?"

"पुन्हा बोल."

"कण वाहून गेले म्हणतोय ना! हाताला चरबी असली तर चोरी न करताही कमी भरतात, हे इथल्या शेंबड्या पोरालाही..."

तो मध्येच थांबला. थेल्मानं हातातला चिमटा खाली ठेवला. "ॲल्विन, मर्व्हच्या त्या वर्षी तू कुठून आला होतास?"

तो म्हणाला, "लोकर कातरून. तसाच आलो होतो. हात धुतले होते, पण घाईत, नुसत्या पाण्यानं. मर्व्हवर आरडाओरडा झाला आणि माझे कण कुणी मोजलेच नाहीत."

"आणि कळलं कधी तुला?" नोएलीननं विचारलं.

"घरी गेल्यावर. त्याच संध्याकाळी."

सहा वर्षं. मर्व्ह त्यातली दोन वर्षं जिवंत होता. याच गावात, याच रस्त्यानं खाली मान घालून चालत होता. नोएलीनला वाटलं होतं, हे ऐकून जीव थंड होईल. उलट अंगाचा भडका उडाला.

थेल्मा म्हणाली, "मर्व्हचं नाव उद्या फलकावर परत लिहू. पण नोएलीन, चरबी लावलीस, तुला आता कायमची बंदी."

"घाल."

ॲल्विन पुढे आला. टोपी हातात, डोळे भरलेले. "नोएलीन, मला माफ कर."

"माफ करायचं ते त्यानं केलं असतं," ती म्हणाली. "तेवढा भला होता तो. मी नाही."