नाकानं चाखणारा माणूस

“कोण म्हणालं करपलं? ऊठ! समोर ये!”

देवळासमोर पाचशे माणसांची पंगत बसलेली आणि मधोमध मामा उभे, हातात लांब दांड्याचा सराटा. कुणाच्या तरी तोंडून ‘वरण करपलं वाटतं’ एवढंच निसटलं होतं. सराटा असा गरगर फिरत होता की वडावरच्या माकडांनीही माना खाली घातल्या.

मामा म्हणजे कुरुंद्यापासून हट्ट्यापर्यंतच्या सगळ्या भंडाऱ्यांचे आचारी. मी त्यांची डेग ढवळणारा. नैवेद्याआधी अन्न चाखायचं नाही, हा आमच्याकडचा रिवाज. वासही घ्यायचा नाही, असं पुजारी म्हणायचा. त्यावर मामा म्हणायचे, “म्या कुठं घेतला? वाफ तिच्या पायानं आली.” झाकण तिरकं करायचे, तळहातानं वाफ नाकाकडे ओढायचे, डोळे मिटायचे आणि बोलायचे, “बसलं.” बसलं म्हणजे बसलंच! मीठ, तिखट, फोडणी, सगळं जागेवर. “जीभ लाचार असती, नाक इमानदार,” हा त्यांचा कायदा.

आणि नाक तरी कसलं! हट्ट्यात कुणाची हळद शिजून राहिली, ते मामा कुरुंद्यात बसून सांगायचे. सिद्धेश्वरच्या धरणात जाळ्यात रोहू आला की कटला, ते वाऱ्यावरून ओळखायचे. हे मी शपथेवर सांगतो. शपथ खोटी असली तरी नाक खरं होतं.

दोन वर्षांपूर्वी बाजारातून येताना मोटरसायकलीपुढं डुक्कर आलं. डुकराला खरचटलंही नाही. मामा रस्त्यावर उताणे. हेल्मेट होतं हो, पण हँडलला अडकवलेलं आणि आत कोथिंबीर. कोथिंबिरीचं एक पान मोडलं नाही. मामा मात्र नांदेडच्या दवाखान्यात चौथ्या दिवशी शुद्धीवर आले. पहिला प्रश्न: “भंडारा कधी हाय?”

मामींनीही डॉक्टरांना एकच विचारलं, “हे चुलीपुढं बसतील ना?” डॉक्टर म्हणाले, कवटी शाबूत आहे, पण आत मेंदू हिंदकळलाय. राग आवरणार नाही, आठवण चुकेल, लवकर थकतील, मनात येईल ते बोलतील. आणखीही काही म्हणाले. ते मामींनी पदरात बांधून आणलं, कुणाला दाखवलं नाही.

गावाला हे कुठलं कळायला! डोक्याला पट्टी नाही, टाका नाही, म्हणजे माणूस ठणठणीत. आणि ठणठणीत माणूस असा वागतो, म्हणजे माजला. कारण दिवसाला चार शब्द बोलणारे मामा आता सुटले होते. सरपंचांना भर पंगतीत म्हणाले, “तुमी तिसऱ्यांदा बसून राहिले, उठा.” सरपंच खरंच तिसऱ्यांदा बसले होते, ही आणखी पंचाईत. एका मयतीत खदखदून हसले. भजनाचा आवाज डोक्यात टोचतो म्हणून भोंग्याची वायर उपटली. माझं नाव विसरले आणि मला ‘ए ढवळ्या’ म्हणू लागले.

पण “बसलं” मात्र बराबर होतं. नवीन एवढंच, की जन्मात कधी भंडाऱ्याच्या चुलीकडे न फिरकलेल्या मामी आता तिथंच मिरच्या निवडत बसायच्या आणि सारख्या खोकायच्या.

“मामी, औषध घ्या की.”

“धूर लागतो रे बाबा.”

सराटा फिरला त्या दिवशी पुजाऱ्यानं नैवेद्याचं पान वाढायला मामींना देवळात बोलावलं. इकडे डेगीतून वास सुटला. मला आला, पाणी वाहणाऱ्यांना आला. समोरचा पानटपरीवाला तर आपलीच टपरी पेटली समजून बादली घेऊन धावला. मामांनी झाकण तिरकं केलं, वाफ ओढली, डोळे मिटले. “बसलं.”

तुम्ही काय केलं असतं? आम्हाला वाटलं, आपलीच नाकं बिघडली. मामांचं कसं बिघडेल?

आणि मग तो सराटा. मामी देवळातून धावत आल्या, तेवढ्यात पहिल्या रांगेतली एक म्हातारी करवादली, “वरडून काय राहिला? हिकडं वरण वाढ!” तिनं भुरका मारला. मग एकेक करत पाचशे माणसं मान खाली घालून भुरकायला लागली. सरपंच तेवढे त्या दिवशी एकदाच बसले.

पंगती उठल्यावर मी डेग घासायला आडवी केली. तळाला बोटभर काळा थर. मामांनी तो नखानं खरवडला, नाकाशी नेला, पुन्हा नेला.

“तुला वास आला व्हता?”

“व्हय.”

“मंग सांगितलं काहून न्हाई?”

“तुमी म्हणलात, बसलं.”

मग मामींनीच सांगितलं. पडले त्या दिवसापासून मामांना कसलाच वास येत नव्हता. नाकाच्या बारीक नसा तुटल्या होत्या. घरी दूध करपून पातेलं लाल झालं, तरी मामा शेजारी पेपर वाचत बसलेले. म्हणून दोघांचं ठरलं होतं: मामींचा एक खोकला म्हणजे फोडणी झाली, दोन म्हणजे उतरवा. “चूल सुटली तर हे घरात बसून मरतील, म्हून खोकले,” मामी म्हणाल्या.

मामांनी सराटा माझ्या हातात दिला. त्यानंतर ते कधी डेगीपुढं बसले नाहीत. चुलीपुढच्या त्यांच्या दगडावर आता मी बसतो.

पण त्या दिवशी निघताना त्यांना एकच गोष्ट पटेना.

“एवढं करपलं व्हतं, तर लोकायनं खाल्लं काहून?”

मामी मिरच्यांची टोपली उचलत म्हणाल्या, “भूक लागली व्हती.”