चाफ्याच्या जागचा कडुनिंब

बत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, त्यामुळे मोजल्याशिवाय मला चैन पडत नाही. जुळे सोलापुरातल्या आमच्या बागेत मी रोज सकाळी चालायला जाते, तेव्हा फेऱ्या मोजते, बाकं मोजते आणि कुंपणालगतची पाट्यांची झाडंही मोजते. झाडं तेवीस. एक कमी नाही, एक जास्त नाही, असं मी कुणालाही छातीठोकपणे सांगत असे. हल्ली कुणी विचारलं तर जरा गप्प बसते.

पाट्यांची झाडं म्हणजे काय ते सांगते. कॉलनीतलं कुणी गेलं की दिवसकार्य उरकल्यावर घरच्यांनी त्याच्या नावानं बागेच्या कडेला एक झाड लावायचं आणि नावाची छोटी पत्र्याची पाटी तारेनं त्याला बांधायची, ही आमच्याकडची रीत. आमचे हे गेले तेव्हा मीही तिसऱ्या बाकामागे कडुनिंब लावला. खड्ड्यात मूठभर राख घातली, वर रोप. ही गोष्ट घडली तेव्हा त्याला अकरा वर्षं झाली होती. रोज चालून झालं की त्या बाकावर टेकायचं आणि पाठमोरंच ह्यांच्याशी दोन शब्द बोलायचे. बहुतेक तक्रारीच असतात, हे जिवंत असतानाही तेच होतं.

आमच्या शेजारच्या झाडाखाली एक आजोबा बसायचे. पाटी त्यांच्या बायकोच्या नावाची, झाड कडुनिंबाचं, आणि आजोबा आल्या-गेल्याला सांगणार, "हा आमच्या मंडळींचा चाफा." आम्ही बायका पदराआड हसायचो. वय झालं की व्हायचंच असं, म्हणायचो.

बागेचं पाणी आणि झाडलोट बघायला एक मावशी आहे. चाळिशीची, काटक, सांगोल्याकडची. बापाची मेंढरं होती, लहानपण त्यांच्या मागं माळावर गेलं. लग्न होऊन सोलापुरात आली आणि नवरा गेल्यावर सासू आणि दोन मुलींना घेऊन शहराच्या पार दुसऱ्या टोकाला एका पत्र्याच्या खोलीत राहायला लागली. दोन रिक्षा बदलून कामावर यायची. उन्हाळ्यात ती खोली कशी तापत असेल ते सोलापूरच्या माणसाला वेगळं सांगायला नको. मी तिच्यावर बरीच वर्षं खेकसत आले होते. नळी इथं का टाकली, पालापाचोळा तिथं का साठवला. ती आपली "व्हय बाई, उचलते बाई" म्हणून पुढं जायची.

एके दिवशी ती हातातला झाडू न ठेवताच माझ्याकडं पळत आली.

"बाई, आमचं नाव लागलं की घरकुलाच्या यादीत! आन जागा कुटं, तर हितं! ह्याच पलाटावर!"

बागेला लागून एक मोकळा प्लॉट होता, वेड्या बाभळींनी भरलेला. तिथं कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी तीन मजली इमारती होणार होत्या. तिनं मला कुंपणाशी नेलं आणि बाभळींच्या वर हवेत बोट दाखवलं. "तितं वरच्या मजल्याव घावलं तर खिडकीतनं समदी बाग दिसंल. पोरींची शाळाबी जवळ. न्हायतर म्हणत्यात, हायवेच्या पलीकडं घरं देणार. तितनं यायचं कसं? मग हे काम सोडावंच लागंल."

मी "छान झालं हो" म्हणाले. आणि त्याच संध्याकाळी त्या घरांविरुद्धचा हरकतीचा अर्ज माझ्या सुवाच्य अक्षरात लिहून दिला. आहे हे असं आहे, लपवून काय करू?

त्या संध्याकाळी बागेत कॉलनीची सभा भरली होती. फिरायला येणाऱ्यांच्या मंडळाचे अध्यक्ष म्हणजे बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, इस्त्रीची घडी मोडू न देता बसणारे. ते म्हणाले, "आधीच नळाला पाणी पुरत नाही, त्यात एवढी कुटुंबं." कुणी गाड्या लावायच्या जागेचं काढलं. कुणी आवाज खाली आणून "कसली कसली माणसं येतील" म्हणालं. "गरिबांना घरं मिळायलाच हवीत, पण इथंच का?" हे वाक्य मी मोजलं, सात जणांनी म्हटलं. रेल्वेतून निवृत्त झालेले एक शेजारी तेवढे फटकन बोलले, "माझा बाप गिरणीत होता. एका खोलीत नऊ माणसं वाढलो. आपण सगळे काय राजवाड्यातून उतरलोय का?" त्यांचं कुणी ऐकलं नाही.

मग अध्यक्षांना झाडं सुचली. पाट्यांची तेवीस झाडं ज्या पट्ट्यात होती तो पट्टा नकाशात प्लॉटचा निघाला. घरं झाली तर झाडं जाणार. माझ्या डोक्यात तिडीक गेली. ह्यांचं झाड तोडणार? बघतेच कोण हात लावतो ते! मी कागद पुढं ओढला आणि लिहिलं: 'ही झाडे आम्ही नागरिकांनी स्वतःच्या हातांनी वाढवली आहेत.' मावशीचा चेहरा एकदा डोळ्यांपुढं आला, नाही असं नाही. तिला मिळेल दुसरीकडं, असं म्हणून मी सही ठोकली.

पंधरा दिवसांनी महापालिकेचा एक तरुण इंजिनियर पाहणीला आला. झाडं खरोखर जुनी असतील तर इथला बेत रद्द करून घरं हायवेपलीकडं न्यावी लागतील, असं त्यानं सरळ सांगितलं. आम्ही सगळे आपापल्या झाडापाशी उभे, अगदी कवायतीला उभे राहावं तसे. माझ्या कडुनिंबाशी तो थांबला. बुंध्याला टेप लावला, वर बघितलं, परत बुंध्याकडं बघितलं.

"किती वर्षांचं म्हणालात?"

"अकरा."

"कडुनिंब अकरा वर्षांत एवढाच? हा तीन-चार वर्षांचा वाटतो, मॅडम."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "तुम्ही शाळेत होता तेव्हा लावलाय मी हा!" मी म्हणाले. त्यानं शांतपणे मावशीला हाक मारली. बागेचं सगळं तीच बघते, तर तिनंच सांगावं.

मावशी पदराला हात पुसत आली. एकदा त्या झाडाकडं बघितलं, एकदा माझ्याकडं.

"अकरा वर्सांचाच हाय साहेब. हितं खाली समदा मुरूम. झाडं अशीच खुरटत्यात. म्या डोळ्यांनी बघितलंय, बाईंनीच लावलाय."

"आणि बाकीची?"

"समदी जुनीच हायत की."

त्यानं लिहून घेतलं. अध्यक्षांनी माझ्याकडं बघून विजयी मान हलवली. आणि मला मात्र भर उन्हात काटा आला, कारण तो खड्डा मीच खणला होता आणि तिथं मुरूम नव्हता, काळी माती होती; ही चक्क खोटं बोलत होती. अहो, यादीत त्या बाईचं नाव होतं! ती एक शब्द खरा बोलली असती, "न्हाय साहेब, म्हाईत न्हाय" एवढं म्हणाली असती, तरी तिचं घर वाचत होतं. तिनं आपल्या हातानं आपली खिडकी बंद केली, आणि ती कुणासाठी, तर रोज तिच्यावर खेकसणाऱ्या माझ्यासाठी!

सगळे पांगल्यावर मी तिला गाठलं. "काय गं, खोटं का बोललीस?"

ती आधी कबूलच होईना. मग मला पंपघरामागं घेऊन गेली. इतक्या वर्षांत मी तिकडं कधी फिरकले नव्हते. भिंतीच्या सावलीत दुधाच्या रिकाम्या पिशव्या ओळीनं मांडलेल्या, प्रत्येकीत माती, प्रत्येकीत कडुनिंबाचं वीतभर रोप. लिंबोळ्या वेचून तिनंच केलेली. मी सवयीनं मोजायला लागले आणि चाळिसाच्या पुढं मोजायचं सोडून दिलं.

"ही कशाला गं एवढी?"

"कुणाचं वाळलं तर लागत्यात." ती जमिनीकडं बघत म्हणाली. "तुमी लेकीच्या बाळतपणाला पुन्याला गेल्ता बगा, त्या उन्हाळ्यात बोअर आटली. लई झाडं गेली. तुमचंबी गेलं. म्या दुसरं लावलं, तेबी जळालं. तिसरं जरा मोठं वाढल्यालं लावलं, ते लागलं."

मला ते आठवलं. पावसाळ्यात परत आले तेव्हा झाड अर्ध्यावर आलेलं दिसलं होतं आणि मी तिला चारचौघांत झापलं होतं, कुणाला विचारून छाटलंस म्हणून. ती तेव्हा खाली मान घालून "चुकलं बाई" एवढंच म्हणाली होती. हे आठवलं आणि मला तिच्याकडं बघवेना.

"राख तितंच हाय बाई," ती घाईघाईनं म्हणाली. "खड्डा म्या बदलला न्हाय. ती मातीबी हलवली न्हाय."

मग ती मला त्या पट्ट्यातून घेऊन निघाली. हे मूळचं. हे दुसऱ्यांदा लावलेलं. ह्याला वाळवी लागली होती. हे पोरांच्या बॉलनं मोडलं. ह्याच्या घरचे अमेरिकेला गेले, कुणी येत नाही, म्हणून ह्याला पाणी आधी. कागद नाही, वही नाही. मी बत्तीस वर्षं हजेरीपट घेऊन वर्गात शिरले आणि तरी पोरांची नावं चुकवली. हिला तेवीसच्या तेवीस झाडांची जन्ममरणं तोंडपाठ होती. तेवीसातली मूळची फक्त सात. बाकी सोळा तिची, पाट्या आमच्या. एवढं मोठं काम माझ्या नाकासमोर चाललेलं आणि मला पत्ता नाही.

"पण सांगितलं का नाहीस कुणाला?"

"कसं सांगायचं? माणूस दोनदा गेल्यावानी झालं असतं की." तिनं एका बुंध्याशी साचलेला पाला हातानं बाजूला केला. "आमच्याकडं मेंढीचं कोकरू मेलं की त्येचं कातडं काडून दुसऱ्या पोरक्या कोकराच्या आंगाव घालत्यात. मेंढी हुंगती, आपलंच हाय म्हणती, आन पाजती. दोगंबी जगत्यात. चार दिस झाले की कातडं काडायचं. तवर तिला त्येचा लळा लागल्याला आसतो."

 

सुनावणी आठवड्यानं होती. त्या आठवड्यात मी नीट जेवले नाही. खरं बोलले तर ह्यांचं झाड जाणार. गप्प बसले तर तिचं घर जाणार. आणि सगळंच बोलून बसले तर पंधरा घरांत पुन्हा रडारड. रोज त्या बाकावर जाऊन बसत होते, पण ह्यांच्याशी बोलायचं धाडस होईना. पाठीमागं नक्की कोण आहे, तेच कळेनासं झालं होतं.

महापालिकेच्या हॉलमध्ये सुनावणी झाली, तिथं अध्यक्षांनी माझा अर्ज वाचून दाखवला. 'स्वतःच्या हातांनी' हे शब्द आले आणि मी उभी राहिले.

"माझी हरकत मी मागं घेते. माझं झाड चार वर्षांचं आहे. माझं पहिलंच वाळलं. हे मावशीनं लावलं आणि तिनंच जगवलं. मी एक तांब्या पाणी घातलेलं नाही. बाकीच्यांचं मला माहीत नाही."

दारात उभ्या असलेल्या मावशीनं कपाळावर हात मारला. अध्यक्ष लालबुंद. "बाई, ऐन वेळी उलटलात तुम्ही! कुणी फूस लावली तुम्हाला?" मी म्हणाले, "मला फूस लावणारा अजून जन्माला यायचाय, खाली बसा." दोघं-तिघं एकदम बोलायला लागले. तेवढ्यात मागच्या खुर्चीवरून काठी टेकत ते आजोबा उठले.

"माझंही लिहून घ्या," ते म्हणाले. "मी चाफा लावला होता. आमच्या मंडळींना चाफा आवडायचा. एक दिवस बघतो तर पाटी तीच आणि झाड कडुनिंबाचं. मी काय चाफा ओळखत नाही होय? पण ही पोरगी लांबून बघत होती, मला कळतंय का म्हणून. तिचा जीव एवढा एवढा झाला होता. म्हणून मी चाफाच म्हणत राहिलो."

मावशीनं तोंडाला पदर लावला. आम्ही ज्या माणसाला वेडा म्हणून हसत होतो, तो इतकी वर्षं तिची लाज राखत होता. आणि ती आमची. मी आयुष्यात बरीच देवळं पाहिली, पण हात आपोआप जोडले गेले ते त्या कोंदट हॉलमध्ये. अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. त्यांच्या आईचं झाड पाचवं. ते मूळच्या सातांतलं होतं, पण त्यांनी मला विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

घरं झाली. इंजिनियरनं इमारतीची रेघ थोडी मागं घेतली, त्यामुळे चारच झाडं मुळासकट हलवावी लागली आणि बाकीची राहिली. ती चारही मावशीनंच हलवली, चारही लागली. नळाला पाणी अजून तसंच येतं, गाड्या अजून वेड्यावाकड्या लागतात, आणि कॉलनीतली काही मंडळी अजून माझ्याशी बोलत नाहीत. त्यांचं त्यांच्यापाशी.

मावशीला दुसरा मजला मिळाला. गृहप्रवेशाचं दूध उतू घालवायला तिनं मला बोलावलं होतं. खिडकीतून समदी बाग दिसत होती, ती म्हणाली होती तशीच. सासूनं हातावर साखर ठेवली. मी खाली उतरले, तिसऱ्या बाकामागं गेले आणि पर्समधून पक्कड काढली. तार झाडाच्या सालीत थोडी रुतली होती, जपून तोडली. ह्यांची पाटी पुसून पर्समध्ये ठेवली आणि नळीनं झाडाला पाणी सोडलं.

वरच्या खिडकीतून हाक आली. "बाई! पाटी का काडली वो?"

मी मान वर केली. "चार दिवस झाले की गं," मी म्हणाले.