पांझरेच्या पाण्यावरचं व्याख्यान

आमच्या भूगोलाच्या प्राध्यापकांना मी क्षमा केलेली नाही. ते गेल्याची बातमी आली तेव्हाही केली नाही.

धुळ्याजवळच्या खेड्यातून मी पुण्याला कॉलेजात गेलो, तेव्हा माझ्या घराण्यात माझ्याआधी कोणी मॅट्रिकसुद्धा झालेलं नव्हतं. प्राध्यापकांचा विषय होता जमीन, हवामान आणि समाज. व्याख्यानाला दुसऱ्या वर्गातली मुलंही येऊन बसत. एके दिवशी ते म्हणाले, "उष्ण प्रदेशातला माणूस स्वभावानेच आळशी. चार जणांनी मिळून काही उभारणं त्याला जमत नाही. खानदेश पाहा." मग मला उभं केलं. "तुमच्या गावाला नद्या किती?"

मी गडबडलो आणि घरच्या बोलीत बोलून गेलो, "एकच शे." म्हणजे एकच आहे.

"एकच शे? एकशे? शंभर नद्या असून लोक उपाशी?"

वर्ग पोट फुटेस्तोवर हसला. कान तापले, पण मी बसलो नाही. पांझरेवर आमच्या वाडवडलांनी बांधलेला बंधारा आहे, हे मी तिथेच सांगून टाकलं. गावच्या जमिनीचे फड, म्हणजे मोठाले तुकडे, पाडलेले, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, पाटकरी देईल तसं पाणी घ्यायचं, आणि नदी आटली तर सगळ्यांनीच भिजवण कमी करायचं. तंटा पंच मिटवतात.

प्राध्यापकांनी मला खाली बसवलं. रविवारी मात्र घरी बोलावून चहा दिला. पुढे कितीतरी रविवार ते विचारत गेले आणि मी सांगत गेलो. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, बांधावर बसून जे जे शिकवलं होतं ते सगळं सांगितलं. मोठ्या माणसाने आपलं ऐकावं, याचीच मला धन्यता.

पुढच्या वर्षी त्यांचं जाहीर व्याख्यान झालं, विषय पांझरेचे फड. "मी महिनाभर त्या गावी एका पंचाच्या घरी राहिलो, उन्हातान्हात पाटापाटाने हिंडलो," असं सांगत त्यांनी आमच्या गावाचं नाव घेतलं. टाळ्या थांबेनात. बाहेर गाठून मी विचारलं, "सर, हे तर मी सांगितलेलं."

"अरे, तुझ्या वडिलांना हे सभेत मांडता आलं असतं का?" असं म्हणत ते टांग्यात बसले.

त्या टांग्यामागे उभा असतानाच मी ठरवलं की या माणसाला एक दिवस आमच्या मातीत आणायचं.

बी.ए. होऊन मी धुळ्याच्या हायस्कुलात मास्तर झालो. वाचनालयाने व्याख्यानं ठेवायची ठरवली, तेव्हा प्राध्यापकांचं नाव मीच सुचवलं. विषयही मीच सुचवला आणि आभाराचं काम मागून घेतलं. गावचे पाचही पंच गाडी जुंपून आले, आबा त्यांतलेच एक. त्यांना मी एवढंच म्हणालो होतो, "आपल्या बंधाऱ्यावर भाषण आहे, या." पहिल्या रांगेत बसवलं.

व्याख्यान तेच, शब्दाला शब्द. तो महिनाभराचा मुक्कामही आला. पंच एकमेकांकडे बघू लागले.

मग मी उभा राहिलो. "सरांच्या यजमानांचेही आभार मानायला हवेत. गावात पंच पाचच, आणि पाचही समोर बसलेत. सर, आपण कोणाकडे उतरला होतात, तेवढं दाखवा."

प्राध्यापक हसले. मी हसलो नाही. त्यांची नजर या पागोट्यावरून त्या पागोट्यावर फिरली, आणि शेवटी त्यांनी हात केला तो नेमका आबांकडे.

आबा उठले. त्यांना खोटं बोलता येत नसे. "मी तं यास्ले आजच देखी ऱ्हायनू," ते म्हणाले. मी तर यांना आजच पाहतोय.

आधी मागून कोणीतरी खुसकन हसलं, मग सारं सभागृह. प्राध्यापकांनी पाण्याचा पेला उचलला. "आज आपण सगळं सरांच्या तोंडून ऐकलं," मी म्हणालो, "आणि सरांनी ऐकलं माझ्या तोंडून. मी शिकलो ते या आबांकडून, माझ्या वडिलांकडून. आभार." आणि खाली बसलो. इतकं गोड मला पुन्हा काही लागलं नाही.

आबा मात्र बाहेर येऊन माझ्यावर उखडले. "पाव्हना शे रे तो! पाव्हनाले असं बोलतस का?" ते प्राध्यापकांजवळ गेले आणि हात जोडून म्हणाले, "चाला, गाडी शे. बंधारा दाखाडस."

प्राध्यापकांनी मान हलवून नाही म्हटलं. आता चालून आलेलं आमंत्रणही त्यांना घेववलं नाही.

चाळीसगावच्या गाडीला मी मुद्दाम स्टेशनात गेलो. त्यांना निरोप द्यायला नव्हे, तोंड बघायला. त्यांनी मला पाहिलं आणि खिडकी ओढून घेतली. ते व्याख्यान त्यांनी पुन्हा कुठे दिल्याचं मी ऐकलं नाही.

आबा कितीतरी दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत. सूड घेऊन मन शांत होत नाही, असं शहाणी माणसं सांगतात. माझं झालं.