आई इथे बॅडमिंटन खेळायची

मंडळी, आज आईला गाण्यांच्या कार्यक्रमासाठी शहरातल्या इनडोअर स्टेडियममध्ये घेऊन गेले. जमिनीवर गालिचा अंथरला होता. दारातच आईने चपला काढल्या.

गार्ड म्हणाला, "अम्माजी, पहन लीजिए, आज तो प्रोग्राम है."

"नीचे लकड़ी का कोर्ट है, भैया. हम यहाँ बॅडमिंटन खेलते थे."

चाळिशी आली माझी, पण हे आज कळलं!

खुर्चीत बसल्यावर विचारलं, "मग खेळ का सोडलास?"

"लग्न झालं नि रॅकेट माहेरीच राहिली. घेऊन ये, असं कुणी म्हणालं नाही. मीही मागितली नाही."

मग स्टेजकडे बोट दाखवून हळूच म्हणाली, "तिथेच फायनल जिंकले होते."

पहिलं गाणं संपलं. सगळ्यांनी गायकासाठी टाळ्या वाजवल्या, मी आईसाठी.

तुमच्या आईला कधी विचारलंय, लग्नाआधी तिला काय आवडायचं?