होईल, बघू आणि पोस्टाचा खर्च

आमच्या सरांच्या तोंडून तीनच निकाल बाहेर पडायचे. ‘होईल’, ‘बघू’ आणि ‘पोस्टाचा खर्च’. अमेरिकेतल्या कुठल्या विद्यापीठात कोणाला प्रवेश मिळेल याचा अंदाज सांगायला ते दर रविवारी सकाळी शनिवार पेठेतल्या आपल्या घरी बसायचे, आणि आम्ही इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची मुलं त्यांच्यासमोर सतरंजीवर. मार्क, परीक्षेचा स्कोअर, प्रोजेक्ट, सगळ्यावरून एकदा नजर फिरवायची की झाला निकाल. ‘पोस्टाचा खर्च’ म्हणजे अर्ज पाठवून उपयोग नाही, तिकिटं वाया. ते ऐकून एखाद्याचं तोंड पडलं की म्हणायचे, “रडायचं असेल तर गॅलरीत जा. सतरंजी कालच धुतली आहे.”

हा अंदाज ते हवेतून काढत नसत. भिंतीवर अमेरिकेचा मोठा नकाशा होता आणि त्यांच्या ज्या विद्यार्थ्याला जिथे प्रवेश मिळाला तिथे त्यांनी लाल डोक्याची एक टाचणी टोचलेली असे. टाचण्यांची गर्दी दिसली की तिथे ‘होईल’, एखाददुसरी असली तर ‘बघू’. ते सहसा चुकत नसत. म्हणून तर त्यांचं ऐकून घ्यायचो, नाहीतर ती बोलणी कोणी खाल्ली असती!

सरांचा एक नियम होता. एका विद्यापीठाला एका वर्षी त्यांचं एकच शिफारसपत्र. “दोघांनाही सर्वोत्तम म्हटलं तर तिथले लोक मला मूर्ख समजतील,” असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या पत्राशिवाय आमच्या कॉलेजातून कोणाचं फारसं काही होत नसे, त्यामुळे अर्ज करण्याआधी विद्यापीठांची चक्क वाटणी व्हायची. हे तुला, ते त्याला. हिंजवडीत तेव्हा काचेच्या इमारती नुकत्याच उभ्या राहत होत्या, पेठेतल्या बोळाबोळात कॉम्प्युटरचे क्लास निघाले होते, आणि आमच्या वर्गात अमेरिकेला न जाणाऱ्यालाच ‘का बरं?’ असं विचारायचे.

मला एकच विद्यापीठ हवं होतं. उत्तरेकडचं, भयंकर थंडीचं, फारसं नाव नसलेलं. कारण साधं होतं. तिथे आमच्या विषयात ज्याला प्रवेश देत त्याला फी माफ करून शिकवण्याचं कामही देत असत. बाकी ठिकाणी प्रवेश त्यांचा आणि पैसे आपले. आपले म्हणजे कोणाचे? बाबा पाटबंधारे खात्यात कारकून, आई महापालिकेच्या शाळेत शिक्षिका, राहायला सरकारी क्वार्टर. कर्जासाठी बँकेत गेलो तर तिथले साहेब म्हणाले, “तारण काय देणार?” बाहेर आल्यावर मी बाबांना म्हटलं, “नळाची तोटी देऊ या का? पण तीही सरकारचीच.” बाबा हसले नाहीत. माझ्या आजोबांनी धम्म स्वीकारला तेव्हा पोरांना शाळेत घालायचंच, एवढं एक मनाशी पक्कं केलं होतं, आणि बाबांनी तेच पुढे चालवलं. म्हणाले, “तू अर्ज कर. पैशाचं बघू.” झालं! सरांचं एक ‘बघू’ आणि बाबांचं एक.

वाटणीच्या रविवारी सरांनी ते थंडीचं विद्यापीठ वर्गातल्या पहिल्या नंबरच्या मुलाला देऊन टाकलं. तो प्रभात रोडच्या बंगल्यातला. मला दक्षिणेकडची तीन दिली. नकाशात तिथे टाचण्याच टाचण्या.

“तुझं इथे होईल. डोळे झाकून होईल.”

हे ऐकायला मुलं रविवारमागून रविवार यायची. मी नकाशाच्या वरच्या कोपऱ्याकडे बोट केलं.

“सर, मला ते थंडीचं हवंय.”

“हवं सगळ्यांनाच असतं. तिथे तुझं ‘बघू’ आहे, त्याचं ‘होईल’ आहे.”

“पण तुम्ही जिथे होईल म्हणताय तिथे मी जाऊच शकत नाही.”

“का? व्हिसा काय मी देतो?”

सगळे हसले. आणि माझं डोकं सटकलं.

“पैसे नाहीत म्हणून, सर!”

इतक्या मोठ्याने ओरडले की सरांच्या पत्नी, काकू, पोह्यांचा झारा हातात घेऊन बाहेर आल्या. हसणं बंद झालं. सगळे सतरंजीकडे बघायला लागले. ज्यांच्यासमोर चार वर्षं मी ही गोष्ट कधी ओठावर येऊ दिली नव्हती, त्यांच्यासमोरच बोलून बसले. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सर शांतपणे म्हणाले, “मी प्रवेशाचा अंदाज सांगतो. बँक उघडलेली नाही.”

“मग माझी तिन्ही परत घ्या. ती यांना वाटा. मला हे एकच द्या, एकच पत्र.”

“आणि नाही झालं तर? तुला आकडे कळतात ना?”

“कळतात, सर. जिथे जाताच येणार नाही तिथलं ‘होईल’ म्हणजे शून्यच की.”

पहिल्या नंबरवाला म्हणाला, “देऊन टाका, सर. माझं काय, पप्पा कुठेही पाठवतील.” मनापासून म्हणाला बिचारा, त्यात खोट नव्हती. पण त्याने नाही म्हटलं असतं तर मला इतका राग आला नसता.

“गुरुवारी पत्र ने,” सर म्हणाले. “आणि आता आपण पोहे घेणार, की नुसत्याच रागवणार?”

मी पोहे खाल्ले.

अर्ज गेला आणि वाट बघणं सुरू झालं. रोज संध्याकाळी कॉलेजवरून येताना सायबर कॅफेत जायचं, मेलचं पान उघडेपर्यंत ओठ चावत बसायचं. त्यात अमेरिकेतल्या मंदीच्या बातम्या येऊ लागल्या. गेल्या वर्षी पेढे वाटून गेलेला कोणाचा तरी मुलगा परत आला म्हणे. घरी बाबा एका शब्दाने विचारायचे नाहीत. मी दारात शिरले की टीव्हीचा आवाज कमी करायचे आणि मी काही बोलले नाही की पुन्हा वाढवायचे. त्या आवाजाच्या बटणाची मला धडकी भरली होती.

मग एका संध्याकाळी मेल आला. पहिलाच शब्द अभिनंदनाचा! मी अशी किंचाळले की कॅफेवाला म्हणाला, “मॅडम, बाकीच्यांच्याही परीक्षा आहेत.” मी प्रिंट काढली, पळत जाऊन बस पकडली, आणि खिडकीपाशी बसल्यावर पुढचं वाचलं. निधी कमी झाल्यामुळे यंदा नव्या विद्यार्थ्यांना फीमाफी किंवा काम देता येणार नाही, पण आपलं स्वागत आहे. मी ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. कुठेतरी एखादा ‘तथापि’ सापडेल म्हणून वाचलं. माझा स्टॉप मागे गेला.

घरात शिरले. टीव्हीचा आवाज कमी झाला.

“झालं,” मी म्हटलं, आणि रडायला लागले. आनंदाने रडतेय असं वाटून बाबा पायात चपला सरकवून शेजारी सांगायला निघालेसुद्धा. मी त्यांचा हात धरून थांबवलं आणि प्रिंट पुढे केली. त्यांनी ती शेवटपर्यंत वाचली. मग चपला काढून नीट जागेवर ठेवल्या. त्या क्षणी मला त्या विद्यापीठाचा, सरांचा, त्या बँकेतल्या साहेबाचा, सगळ्यांचा इतका संताप आला! आजही येतो.

रविवारी सरांना सांगायला गेले. “सर, झालं. पण यंदा पैसे देत नाहीयेत.”

त्यांनी पहिलं तेवढंच ऐकलं. “अगं वा! माझं ‘बघू’ होतं. चुकलो मी!” असं म्हणत उठले आणि नकाशात त्या थंड कोपऱ्यात टाचणी टोचली.

“सर, मी जात नाहीये.”

“ते निराळं. प्रवेश झाला ना?”

मी काही न खाता निघाले. पहिल्या नंबरवाला त्या पावसाळ्यात मी सोडलेल्या तिनांपैकी एका ठिकाणी गेला. मी कॅम्पसमध्ये मिळालेल्या नोकरीवर रुजू झाले आणि कंपनीच्या बसमधून रोज हिंजवडीला जाऊ लागले. काम बरं होतं. त्या विद्यापीठाचा विषय मी घरात काढत नव्हते, बाबाही काढत नव्हते.

पुढच्या हिवाळ्यात घरी एका मुलीचा फोन आला. आमच्याच कॉलेजची, शेवटच्या वर्षाची.

“ताई, सुट्टीवर आलात का? मला वाटलं, घरचं कोणी फोन घेईल. तिथे थंडी खूप असते ना? स्वेटर इथूनच न्यायचे का?”

“कुठे?”

तिने त्याच विद्यापीठाचं नाव घेतलं. “सरांनी टाचणी दाखवली तुमची. म्हणाले, हिचं झालं म्हणजे तुझंही होईल. मी पण तुमच्यासारखंच केलंय ताई, बाकीची सगळी सोडली, एकच पत्र मागितलंय. माझे वडील मार्केट यार्डात हमाली करतात, दुसरं कुठलं परवडणारच नाही.”



“मी गेलेच नाही गं,” मी म्हटलं.

पलीकडून अगदी बारीक आवाजात, “पण टाचणी आहे ना?”

“अर्ज पाठवलास?”

“सोमवारी पाठवणार आहे.”

रविवारी मी शनिवार पेठेत गेले. सतरंजीवर नवी मुलं बसली होती, ती मुलगी कडेला, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत. मी कोणाशी न बोलता सरळ नकाशापाशी गेले आणि माझी टाचणी उपटून काढली.

“काय हे!” सर उठले. “झालं होतं तुझं तिथे.”

“सर, मी गेले नाही. माझ्याकडे बघून हिचा अंदाज सांगू नका. तिथे यंदा पैसे देणार आहेत का, ते कोणी विचारलंय?”

मला वाटलं आता सर मला गॅलरी दाखवणार. त्यांनी हात पुढे केला, मी टाचणी त्यांच्या तळहातावर ठेवली. ते त्या टाचणीकडे बघत राहिले. मग नकाशाकडे पाहिलं, दक्षिणेकडच्या त्या गर्दीकडे, आणि पहिल्यांदाच मला ते म्हातारे वाटले.

“यातले किती जण गेले, मला माहीत नाही,” ते म्हणाले.

मग त्या मुलीकडे वळले. तिच्या मार्कांचा कागद त्यांनी उलटा करून बाजूला ठेवला.

“घरी कोण कोण आहे तुझ्या?” त्यांनी विचारलं. “आणि जाण्यापुरतं काय जमेल, ते सांग. लाजू नकोस. अंदाज मग काढू.”

मुलीने मान खाली घातली. मी सतरंजीवर तिच्याशेजारी जाऊन बसले.