पुठ्ठ्यात गेलेली पहिली आवृत्ती

मुलांनो, तुमच्या पणजोबांच्या इंग्रजी गुन्हेकथांत पहिल्या आवृत्त्या कोणत्या, असं तुम्ही पत्रात विचारलंत. मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं आहे, म्हणून त्याआधीच माझ्या हातानं लिहिते.

एरवी काम सोपं. नावाच्या पानामागे पुनर्मुद्रणाचा उल्लेख नाही ना, ते बघायचं. पण काही प्रकाशक आत वर्षच छापत नसत. मग शेवटी जोडलेल्या जाहिराती वाचायच्या. त्याच लेखकाची पुढची कादंबरी ‘लवकरच येत आहे’ असेल, तर प्रत पहिली. ‘तयार आहे’ असेल, तर नंतरची. हे मला सासऱ्यांनी शिकवलं, पण जरा उशिरा.

मी मॅट्रिक होऊन धुळ्याहून जळगावला सासरी आले, त्या वर्षीची गोष्ट. सासऱ्यांना सगळे आबा म्हणत. वकील होते. स्टेशनवरच्या स्टॉलवरून आणलेली त्यांची बावीस पुस्तकं बैठकीतल्या कपाटात कशीही कोंबलेली. ते आठवडाभर पाचोऱ्याला गेले, तेव्हा त्यांना बरं वाटेल म्हणून मी ती सगळी बाइंडरकडे दिली. निळ्या कापडात, एका मापात बांधून आली.

आबा परतले. एक पुस्तक मागून उघडलं, तर शेवटची जाहिरातींची पानंच नव्हती. त्यांचे स्नेही नाना, निवृत्त हेडमास्तर, रविवारी येणार होते. आबांची ती प्रत पहिली नव्हेच, असं ते वर्षभर चिडवत होते आणि आबांनी जाहिरात दाखवायचा शब्द दिला होता.

मी बाइंडरकडे धावले.

“वहिनी, कागद मी फेकत नाही. बठ्ठा पुठ्ठामा शे.”

म्हणजे सगळं पुठ्ठ्यातच होतं: जाहिरातींची पानं एकावर एक चिकटवून त्यानं पुठ्ठे केले होते. कुठलं पान कुठं गेलं, त्यालाही ठाऊक नव्हतं.

“पुठ्ठे भिजवून सोडवते,” मी आबांना म्हणाले.

“एका ओळीसाठी बावीस पुस्तकं नासवायची? राहू दे, सूनबाई.”

रविवारी नाना कपाटापुढे उभे राहून हसले. “काय वकीलसाहेब, पुरावा कोठे शे?”

मी दाराआडून ऐकत होते.

“मीच काढून टाकायला लावला,” आबा म्हणाले. “जाहिराती डोळ्यांत खुपत होत्या.”

“म्हणजे हरलात!”

“हरलो. सूनबाई, नानांना चहा आण.”

नाना शेवटपर्यंत त्यांना चिडवत राहिले. आबांनी खरं सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही. मी मात्र सांगायला हवं होतं.

बावीसपैकी सतरा पुस्तकं माझ्याकडे आहेत. त्यांचे पुठ्ठे अजून कोणी सोडवलेले नाहीत.