चतुराबाईचा नवा करंडा

चतुराबाईने आमच्या पुंडलिकनगरच्या घरी अकरा वर्षं पोळ्या केल्या. नवरा ऐन तिशीत गेला तेव्हा दीर म्हणाला, जमीन मी बघतो. तो काय बघणार हे बाईने ओळखलं. शहरात आली, पोरगं शिकवलं, आणि त्याला नोकरी लागल्यावर कन्नडला परत जाऊन स्वतःच्या दीड एकरात अद्रक लावली. आमची मृण्मयी तिच्याच कडेवर वाढली. फोन केला की एकच पालुपद, "ताई, एकदा गावाकडं या की!"

गेल्या जानेवारीत गेलो. खरं सांगते, जायचं होतं पितळखोऱ्याची लेणी बघायला. चतुराबाईचं घर वाटेत होतं, जेवणाची आयती सोय झाली.

तिने मात्र सण मांडला होता. शेत दाखवलं, माती उकरून अद्रकीचा ताजा गड्डा माझ्या नवऱ्याच्या, अमेयच्या, नाकाशी धरला. त्याची बायपास झालेली तिच्या लक्षात होती. "साहेबांचं भरीत बिनमिठाचं, येगळं केलंय," म्हणाली.

निघताना तिने मला पाटावर बसवलं. ताटात खण, नारळ, गहू आणि कुंकवाचा करंडा. करंडा कोरा, बुडाला दुकानाची चिठ्ठी तशीच. विधवेच्या घरात करंडा कुठला? मुद्दाम आणला होता.

"तुम्ही महिला मंडळात बोलला होतात ना ताई, नवरा गेला म्हणून बाईचं कुंकू जात नाय, तिनंबी ओटी भरावी. मी मागं चहा देत व्हते. तवाच ठरवलं, पहिली ओटी तुमची."

तिचं कुंकवाचं बोट कपाळाकडे आलं आणि मी मान मागे घेतली. जराशीच, पण घेतली. अमेयच्या दुखण्याची सबब मी नंतर शोधली. त्या क्षणी नुसती भीती होती. टाळ्या घेतलेलं माझं भाषण तिच्यासमोर फुसकं निघालं.

चतुराबाईने बोट पदराला पुसलं आणि शेजारच्या सुनेला हाक मारली, "दीपमाला, ये गं जरा, ताईंची ओटी भर." स्वतः दारात जाऊन उभी राहिली. मला तेव्हाही म्हणता आलं असतं, नको, तुम्हीच भरा. मी पदर पसरून बसून राहिले.

मग पितळखोऱ्याच्या पायऱ्या उतरले, दगडातले हत्ती बघितले, फोटोत हसलेसुद्धा. माझी मलाच इतकी लाज वाटत होती की अमेयकडे बघवेना. तो म्हणाला, "दमलीस का?" मी हो म्हटलं.

संध्याकाळी घरी पोचतो तोच तिचा फोन. वाटलं, आता ऐकवेल. ऐकवायलाच हवं होतं.

"पोचलात का नीट? साहेब बरे हायेत ना? आन् ताई, मनाला लावून घेऊ नका. माझंच चुकलं."

नाही हो, चुकलं माझं. एवढंच तर बोलायचं होतं. अगदी ओठांवर आलं होतं.

"असू द्या," मी म्हणाले.